न उडालेला बार: बंदुकीची सुरक्षितता आणि बेभरवशाची काडतुसे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारे कोकणातील बागायतदार, आत्मसंरक्षणासाठी परवाना घेतलेली मंडळी, नव्याने नेमबाजीकडे वळलेले खेळाडू आणि त्यांचे पालक यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बंदुकीविषयी लोक पुष्कळ विचारतात, काडतुसाविषयी मात्र फारसे कोणी विचारत नाही. बंदूक पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते आणि काडतूस प्रत्येक बाराला नवे असते, म्हणून येथे अधिक भर काडतुसावर दिला आहे.

चाप ओढला, पण बार उडाला नाही. सर्वांत आधी काय करावे?

हालचाल थांबवावी. नळी ज्या सुरक्षित दिशेला रोखलेली आहे तिथेच ठेवावी, बोट चापावरून काढून बाहेर सरळ धरावे आणि मनात सावकाश तीस आकडे मोजावेत. बंदूक खाली घेऊन नळीत डोकावण्याची, शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे वळून काय झाले ते दाखवण्याची किंवा घाईघाईने ती उघडण्याची जी ऊर्मी येते, ती याच तीस सेकंदांत आवरायची असते.

याचे कारण असे, की न उडालेला बार दोन प्रकारचा असू शकतो आणि बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. एकात प्राइमर (काडतुसाच्या बुडातली, पिनेच्या ठोक्याने पेट घेऊन दारू पेटवणारी टोपी) मुळात पेटलेलाच नसतो. दुसऱ्यात प्राइमर अर्धवट पेटलेला असतो, आतली दारू धुमसत असते आणि बार उशिराने उडतो. नेमबाज त्याला हँगफायर म्हणतात. हा उशीर बहुतेक वेळा सेकंदाच्या अंशाइतकाच असतो, क्वचित त्याहून जास्त. बंद बंदुकीत असा बार उडाला तर छर्रे समोर जातात आणि धक्का खांद्यावर येतो, इतकेच. उघडलेल्या बंदुकीत मात्र पुंगळीला (काडतुसाच्या कवचाला) मागून काहीच आधार नसतो. ती फाटते आणि पितळेचे तुकडे तोंडावर व हातावर येतात.

तीस आकडे झाल्यावरही नळी सुरक्षित दिशेलाच ठेवून, चेहरा बाजूला घेऊन बंदूक सावकाश उघडावी. दुनळी असेल तर दुसऱ्या नळीतला बार भरलेलाच आहे, याचे भान सुटू देऊ नये; आधी तो बाहेर काढावा. मग फसलेल्या काडतुसाच्या बुडावरची खूण पाहावी. पिनेचा खड्डा खोल व मधोमध असेल तर दोष काडतुसाचा असण्याची शक्यता अधिक. खड्डा उथळ किंवा कडेला असेल तर स्प्रिंग मंदावली असेल किंवा पिनेचे टोक झिजले असेल, आणि मग काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराचे आहे. तेच काडतूस पुन्हा घालून ‘एकदा बघू’ म्हणणे मात्र टाळावे.

वर्तमानपत्रात ‘बंदूक मिसफायर होऊन जखमी’ असे छापून येते. तो हाच प्रकार का?

नाही, अर्थ अगदी उलटा आहे. मिसफायर म्हणजे चाप ओढूनही बार न उडणे. बातम्यांत हा शब्द नको असताना सुटलेल्या गोळीसाठी वापरला जातो. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, तेव्हाही हाच शब्द सर्वत्र आला. रिव्हॉल्व्हर हातातून पडून गोळी सुटल्याचे त्या वेळी सांगण्यात आले होते.

शब्दाचा हा गोंधळ मला किरकोळ वाटत नाही. ‘मिसफायर झाले’ म्हटले की दोष यंत्राकडे जातो आणि माणूस सुटतो. जुन्या घडणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याची पिन थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेली असते, त्यामुळे घोड्यावर आपटताच बार उडू शकतो. अशा शस्त्रात घोड्याखालचे काडतुसाचे घर रिकामे ठेवण्याची पद्धत याच कारणाने पडली. नव्या शस्त्रांत आतून अडसर असतो. आपले शस्त्र कोणत्या प्रकारचे आहे, हे ते घेतानाच विचारून घ्यावे. आणि कपाटात ठेवायचे असेल तर ते रिकामे करूनच ठेवावे.

‘फुसका बार’ धोकादायक कसा? त्यात तर जोरच नसतो.

मराठीत हा शब्द आपण निवडणुकीतल्या आश्वासनांसाठी वापरतो, पण बंदुकीच्या बाबतीत यापेक्षा घातक काडतूस शोधून सापडणार नाही. प्राइमर पेटतो, मात्र दारू कमी असते, भिजलेली असते किंवा मुळात भरलेलीच नसते. त्या अपुऱ्या जोराने गोळी पुढे सरकते आणि नळीत मध्येच अडकते. छर्‍याच्या काडतुसात छर्रे घरंगळून बाहेर पडतात आणि दारू व छर्‍यांच्या मधली वॅड आत राहते. एवढ्यावर कोणाला इजा होत नाही. इजा होते ती पुढच्या बाराने. त्याचा वायू अडकलेल्या वस्तूवर जाऊन आदळतो, दाब एका जागी साठतो आणि नळी फुगते किंवा फाटते. बंदूक धरणाऱ्याचा पुढचा हात नेमका तिथेच असतो.

एका सराव रेंजवर सुरक्षेचे काम पाहत असताना हे मी हातभर अंतरावरून पाहिले आहे. पॉइंट टू-टू (०.२२ इंच) रायफलवर सराव करणाऱ्या एका मुलीच्या बाराचा आवाज मध्येच वेगळा आला. सुतळी बॉम्बच्या जागी लवंगी वाजावी तसा. धक्का जाणवला नाही आणि कागदावर नवे भोक पडले नाही. आपला नेम पूर्ण चुकला असे समजून तिने बोल्ट ओढला, पुढचे काडतूस घातले आणि गाल दस्त्याला लावला. मी ओरडलो, तेव्हा तिचे बोट चापापर्यंत पोचले होते. रायफल रिकामी करून मागून गज घातला, तर तो नळीच्या तोंडापासून चार बोटे आत अडला. शिशाची गोळी तिथे घट्ट बसली होती. मुलगी किती तरी वेळ गजावरच्या त्या खुणेकडे पाहत राहिली.

म्हणून आवाज बारीक आला, धक्का कमी बसला, नेहमीपेक्षा जास्त धूर निघाला किंवा निशाणावर खूण दिसली नाही, की थांबावे, शस्त्र रिकामे करावे आणि नळी आरपार मोकळी आहे याची खात्री करावी. स्पर्धेच्या ऐन वेळेतही थांबावे. अडकलेली गोळी घरी ठोकून काढू नये, आणि दुसऱ्या बाराने ती ढकलण्याचा विचारही मनात आणू नये.

पावसाळ्यात काडतुसे का दगा देतात? ती ठेवावीत कशी?

कोकणात जून ते सप्टेंबर घरातल्या मिठालाही पाणी सुटते. काडतूस त्याला अपवाद कसे असेल? जुनी कागदी पुंगळी दमट हवेत फुगते, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या घरात) धड बसत नाही, जबरदस्तीने बसवली तर बारानंतर निघत नाही. आमच्या आजोबांच्या दुनळीसोबत आलेल्या पत्र्याच्या डब्यात अशी काही काडतुसे होती. कागद बोटाला मऊ लागत असे, पितळी बुडाला हिरवी बुरशीसारखी पूड धरली होती आणि एक हलवले तर आतले छर्रे खुळखुळत होते. प्लॅस्टिकच्या पुंगळीने फुगण्याचा त्रास संपला, पण प्राइमरभोवतीच्या फटीतून आणि दुमडलेल्या तोंडातून ओल हळूहळू आत जातेच.

ओलीइतकीच वाईट गोष्ट म्हणजे तेल. बंदुकीला तेल लावतो म्हणून काडतुसालाही खोबरेल चोळणारे लोक मी पाहिले आहेत. तेल फटीतून प्राइमरमध्ये झिरपते आणि तो निकामी करते. काडतूस कोरड्या फडक्याने पुसावे, बस्स. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसे कायम अडकवून ठेवू नयेत, कारण चामड्यातील रसायने पितळ खातात. हिरवा थर धरतो तो तिथूनच.

तिसरा शत्रू उष्णता. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी अधिक. आजची धूरहीन दारू नायट्रोसेल्युलोजची असते. ती आपोआप, अगदी सावकाश विघटित होत असते, आणि हे विघटन रोखण्यासाठी तिच्यात एक स्थिरक मिसळलेला असतो. उष्णतेने तो लवकर संपतो. शिवाय तापलेल्या काडतुसाचा दाबही नेहमीपेक्षा जास्त येतो.

घट्ट झाकणाचा डबा, आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी, घरातली थंड व कोरडी जागा आणि डब्याला कुलूप, एवढी व्यवस्था पुरते. काडतुसे मूळ खोक्यातच ठेवावीत, कारण बोअर (नळीच्या रुंदीचे माप), छर्‍याचा क्रमांक आणि लॉट क्रमांक (काडतुसे ज्या खेपेत तयार झाली तिचा) त्या खोक्यावरच असतो.

काडतुसाला मुदत असते का?

औषधासारखी ठरलेली तारीख नसते. थंड, कोरड्या जागेतले चांगले काडतूस कित्येक दशकांनंतरही नीट उडते, आणि गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेले दोन पावसाळ्यांत बिघडते. वयापेक्षा लक्षणे पाहावीत. पुंगळीला चीर, पोचा किंवा फुगवटा, पितळेवर हिरवा अथवा पांढरा थर, सैल किंवा बाहेर आलेला प्राइमर, सुटलेले तोंड, हाताने हलणारी गोळी, यांपैकी काहीही आढळले तर ते काडतूस बाद समजावे. डबा उघडताच नाकाला झोंबणारा आम्लासारखा वास आला, तर दारूचे विघटन बरेच पुढे गेले आहे. ती सर्वच काडतुसे बाजूला काढावीत. शंका आली आणि लक्षण दिसले नाही, तरी बाद करावे असे माझे मत आहे. काडतुसाची किंमत काही रुपयांत सांगता येते.

बारा बोअरच्या बंदुकीत दुसऱ्या बोअरचे काडतूस चुकून गेले तर?

या प्रश्नावर मी नेहमी जास्त वेळ थांबतो. बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, वीस बोअरचा सुमारे १५.६. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या चेंबरमधून निसटून पुढे सरकते आणि जिथे नळी अरुंद होते तिथे त्याची कड अडकते. मागून पाहिले तर चेंबर रिकामे दिसते. घाईतल्या माणसाला वाटते की काडतूस भरायचे राहिले. तो बारा बोअरचे घालतो आणि चाप ओढतो. मागचा बार पुढच्या जिवंत काडतुसावर आदळतो आणि नळी डाव्या हाताजवळ फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत या अपघातामुळेच रूढ झाली. ज्या घरात दोन्ही बोअर आहेत, तिथे काडतुसे दोन वेगळ्या डब्यांत ठेवावीत आणि शिकारी जॅकेटचा खिसा दर वेळी पूर्ण रिकामा करावा.

लांबीचाही प्रश्न असतो. जुन्या दुनळ्यांचे चेंबर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असते. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात बसते, कारण ही लांबी बार झाल्यावर उघडलेल्या पुंगळीची असते. पण तिचे तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, लाटांसारखी नक्षी दिसणाऱ्या जुन्या नळ्या तर मुळात काळ्या दारूच्या काळातल्या. दिसायला त्या अतिशय देखण्या असतात. त्यांत आजचे काडतूस जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय उडवू नये.

पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आणली. लगेच वापरता येईल का?

निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात आणि बंदुका काही आठवडे किंवा महिने ठाण्यात राहतात. परत आल्यावर सर्वांत आधी नळी पाहावी. कुंभारीण माशीला मातीचे घर बांधायला बोटभर रुंदीचे कोणतेही भोक चालते. दाराच्या कडीचे, नळाचे, तसे बंदुकीचेही. अशा मातीच्या गोळीने बंद झालेली नळी अंधारात ओळखू येत नाही, आणि त्या स्थितीत केलेल्या बाराचा परिणाम अडकलेल्या गोळीसारखाच होतो. बंदूक उघडून, रिकामी असल्याची खात्री करून, मागच्या बाजूने उजेडाकडे पाहावे; नळीत उजेडाचे पूर्ण गोल वर्तुळ दिसले पाहिजे. गजावर कोरडे फडके लावून एकदा आरपार फिरवावे. चिखलात पडलेल्या बंदुकीलाही हाच नियम.

ठासणीच्या बंदुकीत वेगळी काळजी कोणती?

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि ती आजही अनेक घरांत आहे. हिच्यात काडतूस नसते. दारू, वॅड, छर्रे आणि टोपी (घोड्याच्या ठोक्याने पेटणारी) सर्व माणसाने भरायचे, त्यामुळे चूकही माणसाचीच. मुख्य चूक म्हणजे दुहेरी भरणा. टोपी फुटते, आतला बार ओल्या दारूमुळे उडत नाही, कल्लोळात ते कळत नाही आणि त्यावर दुसरा बार ठासला जातो. १८६३ मध्ये अमेरिकेत गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून गोळा केलेल्या बंदुकांपैकी हजारो बंदुकांत एकावर एक ठासलेले बार सापडले होते, आणि ते भरणारे शिकवलेले सैनिक होते. मोकळ्या नळीत गज कुठपर्यंत जातो याची खूण गजावर करून ठेवावी. नळी भरलेली आहे की रिकामी, हे क्षणात कळते. टोपी फुटून बार न उडाल्यास तीस सेकंदांवर थांबू नये, दोन मिनिटे तरी थांबावे. काळी दारू धुमसत राहते.

मुलगा नेमबाजी शिकतो. पॉइंट टू-टूची काडतुसे बारीक असतात, तरीही एवढी काळजी हवी का?

तेजस्विनी सावंत यांच्या २०१० च्या विश्वविजेतेपदानंतर आणि स्वप्नील कुसाळे यांच्या २०२४ च्या पॅरिसमधील कांस्यपदकानंतर कोल्हापूरकडून हा प्रश्न फार येतो, आणि तो आनंदाने येतो. त्या दोघांचे ५० मीटरचे प्रकार याच काडतुसावर खेळले जातात. त्याची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणून ‘बारीक’ हा शब्द मनातून काढावा. दुसरे, या काडतुसात पेट घेणारे रसायन बुडाच्या कडेत फिरवून भरलेले असते. एखाद्या जागी ते पोचले नाही आणि पिन नेमकी तिथे पडली, तर बार उडत नाही. त्यामुळे मोठ्या काडतुसांपेक्षा यात फसलेले बार अधिक आढळतात.

बार फसला की खेळाडूने शस्त्र निशाणाच्या दिशेलाच धरून मोकळा हात वर करावा आणि अधिकारी येईपर्यंत वळू नये. रिकाम्या रायफलीच्या चेंबरमध्ये भगव्या रंगाची सुरक्षा-दोरी घालण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. सरावानंतर शिशाचा अंश हातावर राहतो, म्हणून जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

कारखान्यात तयार झालेले काडतूसही फसते का?

फसते. ऑगस्ट २०१९ मध्ये बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्कारात मानवंदनेसाठी उचललेल्या २२ रायफलींपैकी एकही उडाली नाही. व्हिएतनाम युद्धात एम-१६ रायफली सैनिकांच्या हातात अडकू लागल्या. काडतुसातील दारूचा प्रकार बदलणे हे त्याचे एक मोठे कारण होते, आणि १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने त्याबद्दल कठोर ताशेरे ओढले. बंदूक तीच होती, आतली दारू बदलली होती. शिक्क्याचे काडतूसच घ्यावे, पण शिक्का पाहून डोळे मिटू नयेत.

गावात कोणी स्वस्तात काडतुसे भरून देतो. ती वापरावीत का?

नाही. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे आणि तो विकत घेणाराही अडकतो. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी त्या पुंगळीत कोणती दारू, किती भरली, हे भरणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसते. फटाक्याची, सुरुंगाची आणि बंदुकीची दारू एकसारखी जळत नाही.

वडिलांच्या पश्चात कपाटात बंदूक आणि काडतुसे सापडली. आम्ही काय करावे?

हाताळणी कमीत कमी करावी. बंदूक भरलेली आहे असेच समजावे आणि उघडता येत नसेल तर उघडू नये. परवाना व्यक्तीच्या नावावर असतो. तिच्या निधनानंतर ते शस्त्र व काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे कायद्याने आवश्यक आहे. वारसाला परवाना हवा असेल तर अर्ज त्यानंतर करता येतो. ठाण्यात आधी दूरध्वनी करावा, शस्त्र कसे आणावे ते विचारावे आणि जमा केल्याची पावती घ्यावी. विनापरवाना एक काडतूस बाळगणेही गुन्हा आहे. ‘आठवण म्हणून’ देव्हाऱ्याजवळच्या डबीत ठेवलेले एकही त्याला अपवाद नाही.

बाद काडतुसे पुरावीत, जाळावीत की विहिरीत टाकावीत?

यांपैकी काहीही करू नये. भंगारातही देऊ नयेत, कारण ती वितळवणाऱ्या माणसाला आत काय आहे हे माहीत नसते. आगीत पडलेल्या काडतुसाची गोळी नळीशिवाय फार दूर जात नाही, पण फुटलेल्या पुंगळीचे तुकडे डोळा घालवायला पुरेसे असतात. जुना दारूगोळा निकामी करणे हे प्रशिक्षितांसाठीसुद्धा जिवावरचे काम आहे. वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये कालबाह्य दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा जणांचा जीव गेला. त्यांत रोजंदारीवर आलेली माणसे होती. आपल्याकडची बाद काडतुसे वेगळ्या डब्यात, ‘बाद’ असे मोठ्या अक्षरात लिहून ठेवावीत आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे जमा करावीत.

लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढला तर?

वर गेलेली गोळी कोठे तरी खाली येतेच. शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या प्रसंगी बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एका खोक्यातले एक काडतूस फसले. उरलेली वापरावीत का?

एकदाच फसले आणि पिनेचा खड्डा उथळ असेल, तर आधी बंदूक तपासून घ्यावी. खड्डा खोल असूनही दुसरे काडतूस फसले, किंवा एकच बार फुसका गेला, तर तो खोका त्या दिवसापुरता बंद करावा. झाकणावर तारीख, बंदुकीचा बोअर आणि किती बार झाले ते पेनाने लिहावे, फसलेले काडतूस वेगळ्या डबीत ठेवावे, आणि खोक्यावरचा लॉट क्रमांक घेऊन विक्रेत्याकडे जावे. त्याच लॉटची काडतुसे आणखी कोणी नेली आहेत, हे त्याच्या नोंदवहीत लिहिलेले असते.